दोन घोडे आणि एक प्यादं

बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो, हे पटाला हात न लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. कवींना तर या उडीचं वेड जुनंच. नवव्या शतकातल्या रुद्रटानं ‘काव्यालंकारा’त एक श्लोक असा रचला, की अक्षरं पटाच्या घरांत मांडून सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्यांनी वाचा, श्लोक तोच! मीही कविता लिहितो. पण असली कसरत आपल्याच्यानं होणार नाही.

मला बोलायचंय ते डावाच्या शेवटाबद्दल. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ठाण्याला, आमच्या कोपरीत, इमारतीच्या आवारात पट मांडले जाऊ लागले. पन्नाशी उलटलेला मीही शिकायला बसलो. गुरू शेजारचा, आठवीतला. ‘चाचा, शह द्यायची घाई नको,’ हे त्याचं पालुपद.

एकट्या राजावर हत्तीनं मात करणं तासाभरात येतं. उंट आणि घोडा उरले, की खरी परीक्षा. उंट पांढऱ्या घरांतला असेल तर मात पांढऱ्याच कोपऱ्यात करावी लागते. आणि समोरचा राजा शहाणा, तो काळ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथून त्याला पटाच्या कडेकडेनं हाकत न्यायचं. घोडा त्यासाठी इंग्रजी ‘डब्ल्यू’च्या आकारात पावलं टाकतो. मध्येच राजा कड सोडून बाहेर पडतो, निसटलाच असं वाटतं. तेव्हा शह द्यायचा नाही. उंटाची एक शांत खेळी करायची आणि कुंपण मिटतं. मला सगळ्यात आवडते ती हीच खेळी.

अचूक खेळल्यास जास्तीत जास्त 33 खेळ्या लागतात. सलग पन्नास खेळ्यांत काही मारलं गेलं नाही, प्यादंही हललं नाही, तर बरोबरी मागता येते. 2013 मध्ये जिनिव्हाला तेव्हाची महिला जगज्जेती ॲना उशेनिना हिला ओल्गा गिर्याविरुद्ध नेमकी हीच मात साधली नाही. डाव बरोबरीत सुटला.

आता दोन घोडे. एकट्या राजावर दोन घोड्यांनी जबरदस्तीनं मात करताच येत नाही. राजाला कोपऱ्यात पुरता कोंडला, की त्याला शह नसतो आणि हलायला घरही नसतं, म्हणजे बरोबरी. जुन्या शतरंजात ही अडचणच नव्हती. समोरच्याचा राजा एकटा पाडला, की साधारणपणे डाव जिंकलाच. माझे वडील तर आपले मोहरे भारी असतानाही तिथेच पट आवरायचे. ‘एकट्याला काय छळायचं?’ म्हणायचे. ‘मात’ या शब्दाचा अर्थ कुणी ‘मेला’ असा लावतात, कुणी ‘हतबल झाला’ असा. मी दुसऱ्या बाजूचा. राजा पटावरून कधी उचललाच जात नाही.

पण त्या राजाकडे एक प्यादं शिल्लक असेल तर? वाटतं, बिचाऱ्याला आधार आहे. होतं उलटंच. राजा कोंडला गेला तरी प्यादं हलवता येतं, म्हणून ते हलवावंच लागतं. बरोबरीची पळवाट बुजते आणि मात बसते. रशियाच्या अलेक्सेई त्रोइत्स्कीनं हे कोडं आयुष्यभर उलगडलं. प्यादं किती पुढे आलेलं असताना मात खात्रीची, याची सीमारेषाच त्यानं आखून दिली. 1942 साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो गेला.

रीत अशी: एक घोडा प्याद्यासमोर ठाण मांडतो. दुसरा घोडा आणि आपला राजा मिळून समोरच्या राजाला कोपऱ्यापर्यंत नेतात. मग पहिला घोडा प्याद्याला मोकळं सोडतो आणि मात द्यायला निघतो. प्यादं वजीर व्हायला धावतं, घोडा अडीच-अडीच घरांनी. काही डावांत यासाठी शंभराहून जास्त खेळ्या लागतात. म्हणजे पन्नासाच्या नियमात जिंकलेला डावही हातचा जातो.

आम्ही गुरुशिष्य सध्या इथवर आलो आहोत. घोड्यानं प्यादं नेमकं कधी सोडायचं, हे तो पटावर न बघता सांगतो. मी अजून बोटांवर घरं मोजतो.