रोबोटच्या सुट्या भागांचं दुकान

रोबोकॉनची तयारी ऐन भरात असताना मोटरचं कपलिंग तुटलं, तर नवं कुठे मिळणार? एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक विभागातली रोबोट स्पर्धा 2002 साली टोकियोत सुरू झाली आणि 2008 व 2014 साली ती आपल्या पुण्यात भरली. अभियांत्रिकीच्या मुलांना ती चांगलीच ठाऊक आहे. पण सुट्या भागांसाठी त्यांची वणवण अजून चालूच असते. छोट्या व्यावसायिकाला इथे नक्कीच वाव आहे.

सुरुवात महागड्या मोटरींनी करू नका, त्यात भांडवल अडकतं. हब, कपलिंग, टायमिंग बेल्ट, एम 3 आणि एम 4 चे अ‍ॅलन बोल्ट हा माल आधी भरा. शाफ्ट आठ मिलिमीटरचा आणि हबचं भोक सहाचं, अशी गफलत हमखास होते. म्हणून प्रत्येक पाकिटावर माप ठळक लिहा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या ठेवणार असाल, तर त्यांना फार जपावं लागतं. पूर्ण चार्ज झालेल्या सेलला 4.2 व्होल्ट असतात, साठवताना मात्र ते 3.8 च्या आसपास ठेवावेत. फुगलेली बॅटरी कुणालाही विकू नका.

कागदपत्रांचं म्हणाल, तर छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते. परराज्यात माल विकायचा असेल, तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते.

रोबोकॉनचा खेळ दरवर्षी बदलतो. तेव्हा माल भरण्याआधी यंदाची नियमावली वाचा, जवळच्या महाविद्यालयातल्या संघाला भेटा आणि त्यांची यादी मागून घ्या.