टेम्पो : बांधापासून हमरस्त्यापर्यंत
(भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या वाहनाविषयी बोलणार आहे ते आपल्या सर्वांच्या दारावरून रोज जाते. राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचे लिंबू, पारनेरचा कांदा आणि संगमनेरचे दूध बाजारात पोहोचते ते प्रथम या छोट्या मालवाहू गाडीतून. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आपला जिल्हा राज्यात सर्वांत मोठा आहे. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण गावे दूरदूर आणि वाटा अरुंद, हे भूगोलाचे वास्तव कायमच आहे. मोठा ट्रक जिथे वळत नाही, तिथे ही गाडी वळते.

परदेशी बीज, देशी रोप

या गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो. हे मुळात एका जर्मन कारखान्याच्या वाहनांचे नाव. नगरच्या फिरोदिया घराण्यातील श्री. नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली आणि जर्मन सहकार्याने तीनचाकी 'हॅन्सिएट' आपल्याकडे तयार होऊ लागली. पुढे एक चाक, मागे हौदा, अशी तिची साधी घडण होती. पुढे 'मॅटॅडोर' आली. एका कारखान्याचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले, याहून मोठी पावती कोणती?

जपानमध्ये याच गरजेतून लहान ट्रकांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. त्यांच्या इंजिनाची मर्यादा १९९० पासून ६६० घन सेंटिमीटर, रुंदी दीड मीटरच्या आत आणि भार ३५० किलोचा. भातखाचरांमधल्या अरुंद वाटांसाठी हे माप योग्य ठरले. आपल्याकडे २००५ मध्ये टाटा कंपनीने 'एस' ही चारचाकी गाडी आणली. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले. ज्याला पूर्वी बैलगाडी किंवा तीनचाकीवर भागवावे लागे, अशा अनेक तरुणांना तिने स्वतःचा व्यवसाय दिला.

आयात आणि तपासणी

अलीकडे काही तरुण विचारतात की, जपानमधील जुने ट्रक स्वस्तात आणून शेतात वापरता येतील काय? अमेरिकेत पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना आयातीच्या वेळी सूट मिळते आणि तेथील शेतकरी असे ट्रक वापरतातही. मात्र ते रस्त्यावर चालवू द्यावेत की नाही, याबाबत तेथील राज्याराज्यांत वेगवेगळे नियम आहेत. आपला नियम नेमका उलटा आहे. आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. म्हणून तो मार्ग आपल्याला बंद आहे, हे आधीच समजून घ्यावे आणि कोणाच्या आश्वासनावर पैसे गुंतवू नयेत.

नव्या नमुन्याची गाडी विक्रीस येण्यापूर्वी तिची अधिकृत संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मध्ये अशा संस्थांची यादी आहे. त्या यादीत आपल्याच शहराजवळची, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्थाही आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय. ब्रेक, दिवे, वळण्याची क्षमता यांची परीक्षा झालेली गाडी आणि गावच्या वर्कशॉपमध्ये जुने इंजिन बसवून जुळवलेला सांगाडा, यांत फरक आहे तो इथेच.

'शेतातच तर चालवतो' हा गैरसमज

अनेकजण म्हणतात, "गाडी रस्त्यावर नेतच नाही, मग नोंदणी कशाला?" मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ३९ पाहावे. सार्वजनिक जागी किंवा अन्य कोणत्याही जागी नोंदणीविना वाहन चालवू नये, असे ते सांगते. कारखाना किंवा बंदिस्त आवार यांच्यापुरत्याच खास बनवलेल्या वाहनांना तेवढी सूट आहे. ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच आहे. उलट कायद्याने लहान मालकाला सवलतही दिली आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळा परवाना लागत नाही. नोंदणी, विमा आणि चालकाचे लायसन्स मात्र चुकत नाही.

हौद्यातील माणसे

आता सर्वांत गंभीर गोष्ट. लग्नसराईत वऱ्हाड, यात्रेला भाविक आणि ऊसतोडीला मजूर टेम्पोच्या हौद्यात बसून जातात. "एवढ्याने काय होते?" असे आपणच म्हणतो. समजा, घाटात गाडी उलटली. मालवाहू गाडीतून असा प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. माल घेऊन जाणारा मालाचा मालक अथवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट वेगळी. परंतु वऱ्हाडी म्हणजे माल नव्हे. अशा वेळी भरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो. त्याच्याजवळ तर हप्त्यावर घेतलेल्या त्या मोडक्या गाडीशिवाय काही नसते. कर्ता माणूस गेलेल्या घराला हातात काही पडत नाही, आणि गाडीवाल्याचे घरही बुडते. एका रात्रीच्या भाड्याच्या बचतीपायी दोन कुटुंबे उद्ध्वस्त होतात.

आपण काय करावे?

सरपंच व सदस्य मंडळींनी गावच्या कार्यक्रमासाठी वाहन ठरवताना प्रवासी वाहनच ठरवावे. गाळप हंगामापूर्वी ग्रामसभेत ट्रॉल्यांना मागे तांबडे परावर्तक लावण्याचा विषय अवश्य घ्यावा. शेत व पाणंद रस्त्यांसाठी शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ मध्ये आली. पाणंद मोकळी असेल तर छोटी गाडी बांधापर्यंत जाते आणि डोक्यावरचे ओझे उतरते. शिक्षकांनी मुलांना हौदा आणि आसन यांतील फरक समजावून द्यावा, कारण घरी जाऊन ते वडिलांना विचारतील. अधिकारी मित्रांनी नोंदणी व लायसन्सची शिबिरे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी भरवावीत. शेतकऱ्याचा दिवस मोडणार नाही, तर तो नक्की येईल.

मित्रहो, या छोट्या गाडीने आपल्या शेतमालाला बाजाराची वाट दाखवली. तिच्या हौद्यात माल राहू द्या आणि माणसे सुखरूप घरी पोहोचू द्या, एवढेच आपणा सर्वांना माझे सांगणे आहे.