बाळंतपण, पाळी आणि सांधेदुखी
(मंडळाच्या महिला मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



माझा आजचा विषय आहे आमवात, म्हणजेच रूमॅटॉईड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दोन ते तीन पट अधिक होतो. त्यात आनुवंशिकता आणि धूम्रपान यांच्याबरोबर हार्मोन्सचाही वाटा आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी १९३८ साली लिहून ठेवले की, गरोदरपणात अनेक रुग्ण स्त्रियांचे दुखणे आपोआप कमी होते. शरीरात असे काय तयार होते, याचा शोध घेता घेता १९४८ मध्ये कॉर्टिसोन रुग्णाला दिले गेले. १९५० मध्ये हेंच नोबेलचे मानकरी ठरले.

परंतु बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे दुखणे पुन्हा उसळते. काहींना तर ते तेव्हाच पहिल्यांदा जडते. पाळी लवकर गेलेल्या स्त्रियांमध्ये धोका अधिक दिसतो, तर दीर्घकाळ अंगावर पाजणाऱ्यांमध्ये तो कमी आढळला आहे.

आपल्या लेकी-सुना बाळंतपणाला माहेरी महाराष्ट्रात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन इथे परततात. नेमकी हीच ती वेळ! सकाळी बोटे वळत नाहीत, दुपटे पिळता येत नाही. घरातले म्हणतात, "बाळंतवात आहे, गार पाण्यात हात घातला असशील, शेक घे." शेकण्यात महिने जातात. तेवढ्यात सांध्यांची जी हानी होते, ती पुढे भरून निघत नाही. वेळेवर औषध सुरू झाले, तर ती बरीच टळते.

म्हणून बोटांचे, मनगटांचे सांधे सुजले, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक राहिला आणि दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. अंगावर पाजत असाल तर तसे आवर्जून सांगा. त्या काळात चालणारी औषधे आहेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या भगिनींनी दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावे.

आणि बंधूंनो, इथे सासू-आई जवळ नसतात. बायकोला सकाळी दुधाच्या पिशवीचे टोक कापता येत नसेल, तर ते आधी तुम्हालाच दिसणार आहे. "होईल बरं" म्हणू नका. रजा टाका, बाळाला सांभाळा आणि तिला दवाखान्यात घेऊन जा.