पिशवी फाडताना जोर जातो कुठे?

श्रोत्यांनी दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी दोन्ही हातांनी ओढून पाहावी. ती तुटत नाही. लांबत जाते, पांढुरकी पडते आणि बोटांना काचते. तिलाच कात्रीने बारीक खाच दिली, तर ती फाटते. पण तेही लगेच नाही. आधी खाचेचं टोक ताणून रुंदावतं, मग कुठे चीर पुढे सरकते.

काचेचं असं नसतं. इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920च्या सुमारास काचेतल्या तड्याचा हिशेब मांडला, तो सरळ होता : खर्ची पडलेली ऊर्जा जाते ती नवे पृष्ठभाग तयार करण्यात. पॉलिथिनला हा हिशेब लावला की फसगत होते. तिथे बहुतेक ऊर्जा चिरेच्या आजूबाजूचा भाग ताणण्यातच जाते, आणि नमुना ओढून फाडणारं यंत्र मात्र दोन्हींची बेरीज दाखवतं.

ही बेरीज फोडायची युक्ती सिडनीच्या कॉटरेल आणि रेडेल यांनी 1977 साली धातूच्या पत्र्यांवर दाखवली. प्लास्टिकवाल्यांनी ती पुढे उचलली. पट्टीच्या दोन्ही कडांना समोरासमोर खाचा द्यायच्या. मध्ये अखंड पूल उरतो. पूल दुप्पट लांब केला, तर फाटण्याचं काम दुप्पट होतं, ताणण्याचं चौपट. मग निरनिराळ्या लांबीचे पूल फाडायचे, प्रत्येक वेळच्या कामाला पुलाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागायचं आणि ठिपके आलेखावर मांडायचे. सरळ रेष मिळते. ती शून्य लांबीपर्यंत मागे नेली, की उरतो फाटण्याचा निव्वळ खर्च. शून्य लांबीचा पूल कुणीच फाडलेला नसतो, तरी त्याचा आकडा हाती येतो!

सगळी मदार खाचेवर. ब्लेड बोथट असेल, तर टोक गोलसर होतं आणि प्लास्टिक आहे त्याहून चिवट भासतं. इतक्या खटाटोपात दाढीचं ब्लेड निर्णायक ठरावं, ही गंमतच.

पण चिवटपणाही कायमचा नसतो. अमेरिकेत आयोवातल्या वॉटर्लू गावी 1994 साली गॅसचा स्फोट होऊन सहा जण दगावले. तिथली प्लास्टिकची गॅसवाहिनी न ताणता, ठिसूळ वस्तूसारखी तडकली होती. अंगावर थोडाच पण सततचा ताण असला, की अशी चीर वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. तेवढी वर्षं प्रयोगशाळेत कोण थांबणार? म्हणून पाइपच्या पॉलिथिनचा खाच दिलेला नमुना 80 अंश सेल्सिअसला तापवून ताणाखाली ठेवतात आणि तो तुटेपर्यंतचे तास मोजतात. ती खाचही ब्लेडचीच, अगदी सावकाश दाबून दिलेली.