मुलाची शिकण्याची रीत ओळखताना



एकाच वर्गात बसणारी मुले सारख्या रीतीने शिकत नाहीत, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. कोणी ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, कोणाला आकृती काढून दाखविल्याखेरीज उलगडा होत नाही, तर कोणी वस्तू हाताळल्याविना समाधान पावत नाही. या भेदाकडे डोळसपणे कसे पाहावे, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

न्यूझीलंडमधील शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि कृतीतून शिकणे अशी चार अंगांची मांडणी पुढे आणली. अशा मांडण्या पुष्कळ झाल्या. ब्रिटनमधील एका आढाव्यात २००४ मध्ये त्यांची संख्या ७१ भरली. परंतु मुलाचा प्रकार ठरवून त्याच रीतीने शिकविल्यास ते अधिक शिकते काय, याची छाननी चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये केली, तेव्हा पुरेसा पुरावा आढळला नाही.

याचा अर्थ सर्व मुले सारखी आहेत, असा नव्हे. पूर्वज्ञान, घरची भाषा, दृष्टी, श्रवण आणि आवड यांतील भेद खरे आहेत. म्हणूनच शिक्का मारण्याची घाई घातक ठरते. ‘हा ऐकून शिकणारा’ असे ज्याच्याविषयी आपण ठरवितो, त्याला कदाचित फळ्यावरील अक्षरच दिसत नसेल. ‘ही अबोल’ असे जिच्याविषयी म्हणतो, तिच्या घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून वेगळी असेल. शिक्का बसला की चष्मा मिळावयाचा राहतो आणि दोष मुलाच्या बुद्धीकडे जातो.

या बाबतीत मार्ग दाखविणारे कार्य आपल्याच राज्यात झाले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी बालकांसाठी शिक्षणाचे प्रयोग केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. भोवतालचे खडे, पाने, बिया हीच तेथील साधने झाली. मुलाचा प्रकार ठरविण्याऐवजी त्यांनी त्याचे जीवन समजून घेतले.

वर्गातही रीत विषयानुसार ठरावी. नकाशा पाहावाच लागतो, कविता ऐकावीच लागते, आणि मापन हातानेच करावे लागते. एकच पाठ बोलून, दाखवून व करवून घेतल्यास त्याचा लाभ सर्वांनाच होतो.

तेव्हा शिक्षकांनी मूल कोठे अडते याची साधी नोंद ठेवावी. अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी तक्त्यांपेक्षा ही नोंद आस्थेने पाहावी. पंचायत सदस्यांनी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी आपल्या गावातील प्रत्येक बालकापर्यंत पोहोचते की नाही, याची विचारपूस करावी. आणि ज्याला चष्मा वा उपचार सुचविला गेला, त्याला तो मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

मुलाला प्रकारात बसविणे सोपे आहे. त्याची अडचण शोधून दूर करणे कष्टाचे आहे. हे कष्ट आपण सर्वांनी वाटून घ्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.