मिडवेची लढाई आणि गोदीतले तीन दिवस



तुमच्या शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल, तर पॅसिफिक महासागराच्या मध्यावर मिडवे हे नाव शोधून पाहा. हवाई बेटांच्या वायव्येला, होनोलुलूपासून सुमारे १३०० मैलांवर ही दोन-तीन चिमुकली बेटे आहेत. तेथे ना शेती, ना गाव. होती ती एक अमेरिकन विमानपट्टी. पण १९४२ च्या जूनमध्ये जपानी आरमार आणि अमेरिकन आरमार या टिंबासाठी एकमेकांना भिडले.

हे सगळे आपल्यापासून फार लांबचे, असे तुम्हाला वाटेल. तसे ते नव्हते. त्याच वर्षी ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी जपानी बाँब आपल्या विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर पडले. कोलंबोवर विमाने सोडणाऱ्या जहाजांपैकी अकागी, सोर्यू आणि हिर्यू ही तीन जहाजे दोन महिन्यांनी मिडवेकडे निघाली. चौथे कागा. ही विमानवाहू जहाजे म्हणजे तरंगते विमानतळच. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर बेचिराख करणाऱ्या सहा जहाजांतलीच ही चार.

जपानचा बेत असा, की मिडवेवर अचानक घाला घालायचा आणि अमेरिकेची उरलेली विमानवाहू जहाजे धावून आली की त्यांचा फडशा पाडायचा. पण पर्ल हार्बरच्या एका तळघरात जोसेफ रोशफोर्ट नावाचा अधिकारी आपल्या माणसांसह जपानचे सांकेतिक बिनतारी संदेश उलगडीत बसला होता. हल्ल्याची जागा ‘ए-एफ’ या खुणेने येत होती. ए-एफ म्हणजे मिडवेच, असे या मंडळींना वाटे, वरिष्ठांना पटेना. तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. समुद्राखालच्या तारेने मिडवेला गुपचूप कळवले, की तुमचे गोडे पाणी तयार करणारे यंत्र बिघडले आहे, असा संदेश उघड भाषेत पाठवा. थोड्याच अवधीत जपानी संदेश पकडला गेला : ए-एफला गोड्या पाण्याची टंचाई आहे! आपल्याकडची टंचाई खरी असते, बरं का. ही साफ खोटी होती, पण तिने काम चोख केले.

आता कळले खरे. पण लढायला जहाजे कुठे होती? एंटरप्राइझ आणि हॉर्नेट ही दोन धडधाकट होती. तिसरे यॉर्कटाऊन. ते मे महिन्यात कोरल समुद्राच्या लढाईत बाँब लागून जखमी झाले होते आणि २७ मेला तेलाचा माग सोडीत पर्ल हार्बरला पोहोचले. दुरुस्तीला तीन महिने तरी लागतील, असा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी ते सुक्या गोदीत घेतले. गोदीतले पाणी पुरते उपसले जाण्याआधीच सरसेनापती ॲडमिरल निमिट्झ लांब रबरी बूट चढवून खाली उतरले, तळाला पडलेल्या चिरा त्यांनी स्वतः पाहिल्या आणि म्हणाले, जहाज तीन दिवसांत पाहिजे. सुमारे १४०० कामगार रात्रंदिवस राबले. फाटलेल्या जागी पोलादी पत्रे जोडले, खिळखिळ्या भिंतींना लाकडी टेकू दिले. ही दुरुस्ती नव्हे, ठिगळ होते. पण ३० मेला जहाज समुद्रावर निघाले.

त्याची कमी झालेली विमाने साराटोगा या दुसऱ्या जहाजाच्या तुकड्यांनी भरून काढली. इकडे जपानचे झुइकाकू हे जहाज त्याच कोरल समुद्राच्या लढाईतून न खरचटता परतले होते. त्याची विमाने आणि वैमानिक मात्र घटले होते. दुसरीकडून आणून ते भरण्याऐवजी जपानने ते घरीच ठेवले. माझ्या मते मिडवेचा अर्धा निकाल येथेच लागला.

४ जूनच्या सकाळी जपानी विमानांनी मिडवेवर बाँब टाकले. अमेरिकन जहाजांवरून पाणतीर सोडणारी विमाने निघाली. ती संथ, पाणतीर निकामी. हॉर्नेटवरच्या तुकडीत १५ विमाने आणि ३० माणसे होती. एक माणूस जिवंत राहिला. तिन्ही जहाजांच्या अशा ४१ विमानांतली बहुतेक पडली आणि एकही पाणतीर लागला नाही. त्यांनी जपानी लढाऊ विमाने खाली ओढली म्हणून वरचे आकाश मोकळे झाले, असे सांगतात. ते अंशतः खरे. पहिली तुकडी तासभर आधीच संपली होती. या हल्ल्यांनी खरे काय साधले, तर जपानी सेनापती नागुमोला आपली विमाने डेकवर मांडायला सवडच मिळाली नाही.

तेवढ्यात एंटरप्राइझच्या बाँबफेकी विमानांचा नायक मॅकक्लस्की शत्रू न सापडल्याने हिंडत होता, इंधन सरत आले होते. खाली एक जपानी विनाशिका भरधाव ईशान्येकडे जाताना दिसली. ती आपल्या ताफ्याकडेच चालली असणार, असे ओळखून तो मागोमाग गेला. साडेदहाच्या आत अकागी आणि कागा पेटली. त्याच मिनिटांत यॉर्कटाऊनच्या विमानांनी सोर्यू पेटवले. जपानी विमाने डेकवर उड्डाणाच्या बेतात होती, असे जुन्या पुस्तकांत वाचून आमचे विद्यार्थी अजूनही लिहितात. पुढच्या संशोधनाने दाखवले, की ती बहुतेक खालच्या मजल्यावर, बाँब आणि पाणतीर यांच्या गराड्यात उभी होती. म्हणून तर आग आवरली नाही.

उरलेल्या हिर्यूच्या विमानांनी यॉर्कटाऊनवर तीन बाँब टाकले. जहाज थांबले, धुराने भरले. खलाशांनी आग विझवली, छिद्रे बुजवली, बाष्पके पेटवली आणि दोन तासांत जहाज पुन्हा चालू लागले. दुसऱ्या हल्ल्याला आलेल्या जपानी वैमानिकांना ते इतके नीट दिसले, की हे दुसरेच जहाज, असे समजून त्यांनी त्यावर दोन पाणतीर मारले. म्हणजे कोरल समुद्रात आणि मिडवेला मिळून या एका जहाजाने शत्रूचे किती घाव आपल्या अंगावर घेतले पाहा! त्याच दुपारी यॉर्कटाऊनच्याच टेहळणी विमानाने हिर्यूला हुडकले आणि संध्याकाळी तेही पेटले.

यॉर्कटाऊन ७ जूनच्या पहाटे बुडाले, एका जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी. जपानची चार विमानवाहू जहाजे आणि तीन हजारांवर माणसे गेली. अमेरिकेची सुमारे तीनशे.

रोशफोर्टचे काय झाले? निमिट्झने त्याच्यासाठी पदकाची शिफारस केली. वॉशिंग्टनने ती नाकारली. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याला त्या तळघरातून हलवले आणि पुढे एका तरंगत्या गोदीवर नेमले. १९७६ मध्ये तो वारला. पदक १९८६ साली त्याच्या मुलांच्या हाती दिले गेले.