बारीक माणसाची साखर

(भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले बरेचसे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढले आहेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग मधुमेहावर. म्हणजे नेमकं सांगायचं तर मधुमेह होण्याच्या आधीचा जो लांबलचक काळ असतो, त्यावर. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत असतो. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचं हेच वर्णन असणार, म्हणून हा विषय घेतला.

मागच्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. साधारण मागच्या तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, ते या तपासणीतून कळतं. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. वय २८, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६५ किलो. आई म्हणाली, “लॅबवाल्यांनी रिपोर्टची अदलाबदल केली असेल. तू तर काडी आहेस.” दुसऱ्या लॅबमध्ये परत केली. तेवढंच आलं. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांना पंधरा वर्षं मधुमेह आहे, सत्तेचाळिसाव्या वर्षी निघाला. मी गप्प बसून हिशेब करत होतो की आपल्याकडे वेळ किती आहे.

आता ‘काडी माणसाला साखर कशी’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते आपल्या रास्ता पेठेत आहे. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघंही एकदम फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांची आडनावं वायने सुरू होतात म्हणून त्याला ‘वाय-वाय पॅरॉडॉक्स’ म्हणतात. स्वतःच्याच पोटावरची चरबी जगापुढे मांडणारा शास्त्रज्ञ मला भारी वाटतो, ते असो.

त्याच्या मागची गोष्ट अजून रंजक आहे. १९९३ पासून त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांची गरोदरपणाच्याही आधीपासून नोंद ठेवली. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं पाऊण किलोने लहान. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच राखलेली. बारीक दिसणारी पण आतून चरबी असलेली बाळं. ही मुलं पुढे वाढली, आणि १८ व्या वर्षी तपासली तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नेहमीपेक्षा वर होती. शेतावर काम करणाऱ्यांच्या घरातली, बहुतेक अंगाने बारीक असलेली मुलं. पिझ्झा-बर्गरला दोष द्यायची आपली सवय इथे चालत नाही.

सोपं करून सांगायचं तर शरीराला जास्तीची ऊर्जा त्वचेखाली साठवता येते, पण ती टाकी आपल्यात लहान आहे. टाकी भरली की चरबी लिव्हरमध्ये आणि पोटातल्या अवयवांभोवती जाते, आणि मग इन्सुलिन नीट काम करत नाही. साखर ठेवायचं मोठं कोठार म्हणजे स्नायू, तेही आपल्याकडे कमी. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि कंबर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. ही कंबर म्हणजे पँटचा नंबर नाही हं. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडून. माझी ९१ निघाली. ६५ किलोच्या काडीची!

मग मी माझ्या स्वभावाला धरून एक गोष्ट केली. दंडाला चिकटवायचा साखर मोजणारा सेन्सर मिळतो, दोन आठवडे चालतो, तो लावला. महाग आहे, सगळ्यांनी लावायची गरज अजिबात नाही. पण लॉग बघायची सवय असलेल्या माणसाला तो सिनेमा आहे. आता पुढचे आकडे माझ्या एकट्याच्या शरीराचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

नुसते पोहे, वर शेव, सोबत चहा: साखर १८० च्या आसपास. तेच पोहे निम्मे, त्यात मूठभर शेंगदाणे, आधी वाटीभर मटकीची उसळ: १४५. ऑफिसच्या बाहेरचा अमृततुल्य चहा दिवसातून चार वेळा. प्रत्येक कपाला छोटी टेकडी, आणि मला वाटायचं मी ‘फक्त चहा’ पितोय. आमरस-पुरीबद्दल काही बोलत नाही. पण सगळ्यात उंच शिखर कशाचं होतं, सांगा? साबुदाण्याच्या खिचडीचं. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आमच्या आजीला सेन्सरशिवाय कळली होती.

ज्वारीच्या भाकरीने माझं खास काही वेगळं झालं नाही, हेही सांगायला हवं, कारण हल्ली भाकरीला औषधासारखं विकतात. भाकरी चांगलीच आहे. पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. फरक पडला तो ताटातल्या वाटणीने. आयसीएमआरच्या ‘इंडिअॅब’ पाहणीनुसार आपल्या जेवणातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. आपण भातावर वरण घेतो, ते भात ओला करण्यापुरतं. मी ते उलट केलं: वरण-उसळ-दही आधी आणि भरपूर, भात शेवटी आणि थोडा. आईला पहिले पंधरा दिवस हा जेवणाचा अपमान वाटला.

आणि चालणं. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं. बस. तो आलेख इतका सपाट झाला की मला सेन्सर बिघडला असं वाटलं. कारण साधं आहे, चालणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. सकाळी तळजाईला जाऊन आलो म्हणून दिवसभर बसायची परवानगी मिळत नाही, हे मात्र त्यात दिसलं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रविवारी चढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण सोमवार ते शनिवार काय?

आता थोडं गंभीर. बाबा संकष्टी करतात. चंद्रोदयापर्यंत उपास, वर्षानुवर्षं. माझं बघून त्यांनाही उत्साह आला, आणि त्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘उपासाने साखर मुळातून जाते’ असा मेसेज आला. त्या संकष्टीला त्यांनी खिचडी, फळं, सगळंच बंद केलं. सकाळची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. त्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. आईला वाटलं हार्ट अटॅक. मी ग्लुकोमीटर लावला: ५२.

७० च्या खाली म्हणजे साखर कमी. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत द्यायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. बाबांनी आधी ‘चंद्र उगवला नाही’ म्हणून पाणी घ्यायला नकार दिला. आईने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असेल, एकेरीत झापलं. प्यायले. वीस मिनिटांत माणूस परत आला.

हे सांगण्याचं कारण असं की ‘जीवनशैली बदला’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. ज्याला अजून मधुमेह नाही आणि औषधं चालू नाहीत, त्याच्यासाठी ते बहुधा निरुपद्रवी असतं. पण ज्याची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्याने खाणं कमी केलं आणि औषध तेवढंच ठेवलं, तर गडबड होते. सगळ्या गोळ्यांनी नाही होत. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एवढी खाली सहसा जात नाही. पण आपल्या वडिलांच्या गोळीत काय काय आहे हे तुम्हाला माहीत आहे का? आज घरी गेल्यावर पाकीट वाचा. बाबांच्या डॉक्टरांनी नंतर डोस कमी करून दिला, आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते लिहून दिलं. बाबा आता संकष्टीला दुपारी ताक आणि शेंगदाणे घेतात. गणपतीची हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं. आपण शाकाहारी असलो तर आधीच कमी असतं. याज्ञिकांच्या त्या सहा गावांमधल्या बायकांतही बी-१२ ची कमतरता सर्रास होती. पायाला मुंग्या येत असतील तर सगळं खापर साखरेवर न फोडता बी-१२ ही तपासून घ्या.

बरं, याने खरंच फरक पडतो का? भारतातला पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक, सुमारे तीन वर्षं. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहार आणि चालणं करून घेतलं त्यांच्यात ३९ टक्के. आणि हे वजन फारसं न घटता. काडी मंडळींसाठी ही चांगली बातमी.

पण तो ३९ चा आकडा परत बघा. सगळं करूनही दर दहातल्या जवळपास चार जणांना मधुमेह झालाच. म्हणून मला त्या ‘तुमच्या हातात आहे’वाल्या रील्सचा राग येतो. आईच्या पोटात असताना तिला काय खायला मिळालं, हे कुणाच्या हातात होतं? बाबांना आमचे एक काका दर दिवाळीला ऐकवतात की तुम्ही गोड खाल्लंत म्हणून झालं. बाबा लाडवाला हात लावत नाहीत, आणि काका त्यांच्यासमोर बसून चार खातात.

‘रिव्हर्स’ या शब्दाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. डॉक्टर मंडळी त्याला रेमिशन म्हणतात. औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ च्या खाली असलं तर. ते घडतं, विशेषतः आजार नवा असताना आणि वजन बरंच उतरलं तर. पंधरा वर्षं जुन्या आजारात शक्यता कमी. आणि रेमिशन झालं तरी दरवर्षी तपासणी चालूच. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं, कधी कधी नसतंही.

माझं काय चाललंय? व्यायामशाळेची फी भरली नाही. घरीच बैठका आणि जोर. आपल्या पेठांमधल्या तालमीत शंभर वर्षांपूर्वी जे चालायचं तेच, फक्त आकडे लाजिरवाणे. आठवड्यातून तीन दिवस. रात्रीचे अमेरिकेचे कॉल कान आणि पाय दोन्ही वापरून घेतो, गच्चीवर. कॅमेरा चालू ठेवायला लागतो तेव्हा बसावं लागतं, त्यावर तोडगा नाही. झोप साडेसहा तास होते, सात व्हायला हवी. चहा दोनदा, बिनसाखरेचा. हे मला अजूनही आवडत नाही. आठ महिन्यांनी एचबीएवनसी ५.७, कंबर ८६. वजन ६४, म्हणजे काट्याला काही पत्ताच नाही.

तपासणी कुणी करायची, हा शेवटचा प्रश्न. आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, कंबर त्या रेषेच्या वर असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर वय पंचविशीचं असलं तरी करा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, दोन्ही. ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी फसवतं, ते डॉक्टरांना सांगा. आणि जाताय तर बीपीही मोजून घ्या. पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर ठेवून. जिना चढून आल्या आल्या नाही. बीपीवर, आणि पापड-लोणचं-फरसाणातल्या मिठावर, पुढचा भाग करतोय. त्यासाठी तुमच्या घरात महिन्याला किती मीठ लागतं आणि माणसं किती, एवढं लिहून पाठवा.

चला, थांबतो. दहाचा कॉल आहे, गच्चीवर जायचंय.